फायबर दारापर्यंत आलं; मागच्या बेडरूमचं काय?

ठाण्यात घोडबंदर रोडवर, मानपाड्याला आमचं घर आहे. चौदावा मजला, दोन बेडरूम, हॉल, किचन आणि मध्ये लांबट पॅसेज. फायबरची वायर मुख्य दाराच्या वरच्या भोकातून आत येते आणि चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या पांढऱ्या डब्यात जाते. प्लॅन २०० एमबीपीएसचा. त्या कपाटाशी उभं राहून मोबाइलवर स्पीड मोजला की १९० यायचा. सोफ्यावर १४०. पॅसेज ओलांडून मागच्या बेडरूममध्ये गेलं आणि दार लावलं की ६, कधी ४. टेप लावून अंतर मोजलं, तर अडतीस फूट. मुलीचा अभ्यास त्याच खोलीत आणि सासूबाईंचे दुपारचे व्हिडिओ कॉलही तिथूनच.

मी तीनदा तक्रार नोंदवली. तिसऱ्या वेळी आलेल्या मुलाने फार न बोलता लॅपटॉप काढला, डब्यात लॅनची वायर खोचली आणि आकडा दाखवला: १९४. "ताई, दारापर्यंत पूर्ण येतंय. पुढे तुमच्या भिंती आहेत." त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. आमचं घर, ऐरोलीचं आत्याचं रो-हाउस आणि सोसायटीतली पाच-सहा घरं अशी या तीन वर्षांत मार्गी लागली. त्यातून जे कळलं ते इथे सांगते. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवू: मेश, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, इंटरनेट वाढवत नाही. दारात जेवढं आलंय तेवढं घरभर पोचवायची ती व्यवस्था आहे. आणि या व्यवस्थेचा सगळा जीव डब्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यात असतो. डबे कितीही महाग घ्या, दुवा कच्चा असेल तर पैसे वाया जातात.

आधी दारात काय येतं ते पाहू. त्या बारीक वायरच्या पोटात काचेचा एक तंतू असतो. बाहेरून १२५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा जरा जाड, आणि ज्यातून प्रकाश धावतो तो आतला गाभा अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास. प्रकाश गाभ्याच्या कडेवर आदळून पुन्हा आतच वळतो. बारावीच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. पंजाबात मोग्याला जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५०च्या दशकात लंडनला अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवलं. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश दूरवर नेता येईल, आणि त्या कामासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या चपलांच्या कपाटाशी जे येऊन थांबतं, त्यामागे एवढी माणसं आहेत.

इमारतीच्या डक्टमध्ये स्प्लिटर नावाची छोटी डबी असते. तिला वीज लागत नाही. एका तंतूतला प्रकाश ती ८, १६, ३२ वाटांमध्ये फोडते. म्हणजे तुमच्या घरी येणारा प्रकाश आणि शेजाऱ्यांकडे जाणारा प्रकाश एकच असतो. प्रत्येक घरचा डबा त्यातलं आपल्या नावाचं तेवढं उचलतो, बाकीचं कुलूपबंद असल्यामुळे त्याला वाचता येत नाही. आपल्याकडे घरोघरी बहुतेक जीपॉन पद्धतीचं जाळं असतं. त्यात या सामायिक वाटेवर खाली येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाताना सुमारे १.२५ गिगाबिट जागा असते. तुमचा २०० चा प्लॅन त्यातूनच कापून मिळतो.

प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या त्या पांढऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात, कुणी ओएनयू म्हणतं, घरात आपण मोडेम म्हणून मोकळे होतो. त्याच्यावरचे दोन दिवे ओळखता आले पाहिजेत. 'पॉन' हिरवा आणि स्थिर असला की काचेचा रस्ता ठीक आहे. 'एलओएस' लाल लुकलुकायला लागला की प्रकाशच पोचत नाहीये. मग राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, सरळ तक्रार नोंदवायची.

हे मी एका दिवाळीच्या साफसफाईत शिकले. कपाट भिंतीकडे ढकललं आणि मागची पिवळी वायर चेपली गेली. दिवा लाल. डब्याच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या मापात दिसते. ती एरवी उणे २० असायची, त्या दिवशी आणखी क्षीण, उणे २९ झाली होती. जीपॉनचा डबा साधारण उणे २७ पर्यंतच वाचू शकतो. कपाट चार बोटं पुढे ओढलं, वायर सैल केली आणि दोन मिनिटांत दिवा हिरवा. तेव्हापासून घरात नियम आहे की या वायरचा वळसा आमटीच्या वाटीच्या तोंडापेक्षा लहान करायचा नाही. तिच्या टोकाचं हिरवं कनेक्टरही उगाच काढायचं नाही, कारण त्याचं तोंड आठ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेलं असतं आणि धुळीचा एक कणही त्याला पुरतो. आणि काढलंच तर त्यात डोळा घालून बघायचं नाही. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण लेझरचा असतो.

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथून ठाण्यापर्यंतचं अंतर प्रकाश मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात कापतो. एवढं सगळं सुरळीत होऊन शेवटच्या अडतीस फुटांत व्हिडिओ अडकत असेल, तर दोष खोलीच्या वाटेवरच शोधायला हवा.

तर भिंती. माझं माहेर नौपाड्यात, विटांच्या जुन्या इमारतीत. एका रविवारी मी आमचाच राउटर पिशवीत घालून तिकडे नेला. आईच्या घरात पुढच्या खोलीत ठेवला आणि मागच्या मोरीपाशी जाऊन सिग्नल पाहिला. मध्ये विटांच्या दोन भिंती. उणे ६२ डीबीएम. आमच्या घरी तेवढ्याच अंतरावर उणे ८४. राउटर तोच होता, बांधकाम वेगळं होतं.

घोडबंदर रोडवरचे अनेक नवे टॉवर ॲल्युमिनियमच्या शटरिंगने बांधलेले आहेत. साइटवर त्याला 'मायवन' म्हणतात. या पद्धतीत एका मजल्याच्या भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात, त्यामुळे खोल्यांमधल्या भिंतीही विटांच्या नसून सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. खिळा ठोकायचा तर हॅमर ड्रिल लागतो अशी भिंत म्हणजे हीच. लोखंडी सळ्यांच्या जाळीतून आणि काँक्रीटमधून वायफाय फार मार खात जातं. आपण खोली-खोलीला छोटा बंकर बांधून घेतला आहे, असं समजा.

डीबीएमचे आकडे एकदा कळले की निम्मं काम होतं. आकडा उण्यात असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. १० चा फरक म्हणजे दहापट, २० चा म्हणजे शंभरपट. उणे ६२ आणि उणे ८४ यांत दीडशेपटीहून जास्त अंतर आहे. ढोबळमानाने उणे ५० म्हणजे ठणठणीत, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ८० च्या खाली फोनवर वायफायची खूण दिसते पण काम होत नाही. वायफाय तपासणारं कुठलंही फुकट ॲप घ्या, घरभर हळूहळू फिरा आणि कागदावर प्रत्येक खोलीचा आकडा लिहा. दारं उघडी असताना एकदा आणि लावून एकदा. एक पैसा खर्च करण्याआधी हे करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण १२ सेंटीमीटर, ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. पण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या हॉलमध्ये उभं राहिलं की शेजाऱ्यांची एकतीस नावं दिसतात, सगळी याच तीन रांगांत उभी. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झला जागा मुबलक आणि वेगही जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर थकते. कपाटाला लावलेला मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, मासे ठेवलेली काचपेटी यांच्यामागे तर दोन्ही अडतात, कारण धातू लाट परतवतो आणि पाणी ती पिऊन टाकतं.

यावर लोक पहिला उपाय करतात तो रिपीटरचा, सॉकेटमध्ये खोचायचा हजार-बाराशेचा ठोकळा. तो का फसतो हे समजलं की मेशही समजते. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. रिपीटर आधी राउटरचं बोलणं ऐकतो, मग तेच त्याच चॅनेलवर फोनला सांगतो. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, म्हणून वेग निम्म्यावर येतो, अनेकदा त्याहूनही खाली. शिवाय त्याचं नाव बहुधा वेगळं असतं, आणि फोन हॉलमधलं जुनं नाव धरूनच बसतो.

मेशमध्ये दोन किंवा तीन डबे एकाच कारभाऱ्याच्या हाताखाली काम करतात. नाव एक, पासवर्ड एक, कुठला फोन कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक. तुम्ही चालत पुढे गेलात की फोनला सुचवलं जातं, आता त्या डब्याकडे जा. पण त्या डब्यांना आपसात बोलायलाही वाट लागते, तिला बॅकहॉल म्हणतात. ती हवेतून ठेवली तर रिपीटरचंच दुखणं मागे लागतं. ट्राय-बँड मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या गप्पांसाठी वेगळा रेडिओ देतात, त्याने बराच फरक पडतो, पण काँक्रीटची भिंत त्या रेडिओलाही आहेच. मी आमच्या घरी आधी बिनवायरचे दोन डबे लावून पाहिले. मागच्या खोलीत ६ चे ४५ झाले. बरं वाटलं, पण संध्याकाळी शेजारपाजारचं वायफाय भरात आलं की पुन्हा अडखळायचं.

मग वायर ओढली. या लेखातलं एकच काम तुम्ही करणार असाल तर हे करा.

भिंत फोडायला लागेल या भीतीने लोक थांबतात. पण बहुतेक फ्लॅटमध्ये बिल्डरने हॉल आणि बेडरूममध्ये टीव्हीचा आणि टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो, आणि त्या पॉइंटामागे भिंतीच्या आत प्लास्टिकचा पाइप असतो. टेलिफोनची ती वायर आता कुणी वापरत नाही. आमचा वायरमन स्प्रिंग घेऊन आला. बेडरूमच्या बोर्डातून स्प्रिंग आत सारली, ती पंधरा मिनिटांनी हॉलच्या बोर्डात डोकावली. स्प्रिंगच्या टोकाला कॅट ६ प्रकारची लॅन केबल चिकटपट्टीने घट्ट बांधली, एकीकडून तो ओढत होता आणि दुसरीकडून मी साबणाचा हात लावून केबल आत सोडत होते. मध्ये पाइपाच्या एका वळणाला अडली. दोघांनी थोडं मागे-पुढे केलं आणि ती सटकन पुढे सरकली. दोन तासांत काम झालं, भिंतीला ओरखडाही नाही. पाइप बुजलेला निघाला तर स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी मारून न्या, आठ दिवसांत तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. एक काळजी मात्र घ्या, विजेच्या वायर असलेल्या पाइपातून लॅन केबल नेऊ नका. आधी धोका तुमच्या जिवाला, मग सिग्नलला.

केबल घेताना दुकानात दोन प्रकार मिळतात. अस्सल तांब्याची, आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. दुसरी स्वस्त आणि हलकी. ओळखायची खूण सोपी आहे: आतली एक तार ब्लेडने खरवडा. लालसरच राहिली तर तांबं, पांढुरकी चमक दिसली तर ॲल्युमिनियम. भिंतीत एकदा गेलेली केबल पंधरा-वीस वर्षं तिथेच राहणार आहे, तिथे पैसे वाचवू नका. घरातल्या अंतरांना कॅट ५ई देखील गिगाबिट देते, कॅट ६ चा भाव फार वेगळा नसतो म्हणून मी तीच सुचवते.

आता एक चूक जवळून दाखवते, कारण ती मी चार घरांत पाहिली. केबल ओढून, जॅक मारून, डबा लावून झाला. मागच्या खोलीत स्पीड मोजला तर ९४. पुन्हा मोजला, ९४. दहा वेळा मोजला तरी ९३-९४ च्या पुढे जाईना. असा ९४ वर गोठलेला आकडा दिसला की समजायचं, ती वायर गिगाबिटऐवजी जुन्या १०० एमबीपीएसच्या रीतीने बोलतेय. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० साठी नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आमच्या जॅकमध्ये तपकिरी तार पूर्ण आत गेलीच नव्हती. पारदर्शक जॅक उजेडात धरून टोकाकडून पाहिलं, तर सात ठिकाणी तांब्याचे चमकते ठिपके आणि आठव्या जागी काळोख. जॅक कापला, तारा पुन्हा क्रमाने लावल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रिंपिंगचा पक्कड जोरात दाबला. पुन्हा मोजलं: १९१. लेक बाजूलाच उभी होती, ती एकदम म्हणाली, "आई, दारापाशी होतं तेवढंच!"

जॅक ठीक असूनही ९४ च येत असेल तर डब्याचं पोर्ट बघा. स्वस्त राउटरांवर अजूनही १०० चीच पोर्ट असतात आणि खोक्यावर मात्र '१२००' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो १२०० म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या कागदी वेगाची बेरीज, ३०० अधिक ८६७, म्हणजे ११६७, वर ओढून १२०० केलेली. विकत घेताना मी फक्त एवढंच बघते: सगळी पोर्ट गिगाबिट आहेत का, वायफाय ६ आहे का, आणि वायरचा बॅकहॉल चालतो का. तीनही असेल तर बाकीच्या आकड्यांनी आपल्या घरात फारसा फरक पडत नाही. डबे शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकत्र चालावेत म्हणून २०१८ मध्ये इझीमेश नावाचं प्रमाण आलं आहे, पण ते खोक्यावर लिहिलेलं असलं तरी जोडी जमेलच अशी खात्री मला वाटत नाही.

वायर ओढणं खरोखरच शक्य नसेल, भाड्याचं घर असेल, तर जागा निवडणं हेच मोठं शास्त्र. ऐरोलीला आत्याकडे तळमजला अधिक एक असं सिडकोचं रो-हाउस आहे. माझ्या आतेभावाने मेशचा दुसरा डबा वरच्या खोलीत ठेवला होता, जिथे वायफाय येत नव्हतं नेमका तिथे. आत्या मला म्हणाली, "अगं, एवढे पैसे घातले, तरी फोन लावायचा तर मी जिना उतरूनच यायचं का?" डब्याचे दिवे झकास लागलेले, फोनवर खूण पूर्ण भरलेली, आणि आत काही नाही. कारण सरळ आहे. जिथे सिग्नल पोचत नाही तिथे ठेवलेल्या डब्याला वाटायला मिळणार काय? रिकामी घागर घेऊन पाणी वाढायला बसल्यासारखं ते होतं.

आम्ही तो डबा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर आणला. स्लॅबमधून लाट जाईना, पण जिना म्हणजे स्लॅबला पडलेलं मोठं भोकच असतं. टप्प्यावर खालच्या डब्याचा सिग्नल उणे ५८ येत होता आणि तिथून वरच्या खोलीचं दार समोर दिसत होतं. दुसरा डबा असाच ठेवायचा, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून दमदार आहे आणि पुढची खोली नजरेच्या टप्प्यात आहे. डबा मोकळ्यावर, छातीच्या उंचीच्या आसपास हवा. टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा देव्हाऱ्याखालच्या खणात कोंडू नका. पुढच्या उन्हाळ्यात आत्याकडेही वायर गेली, मागच्या भिंतीवरून, बाहेरून. त्यासाठी काळ्या आवरणाची, उन्हापावसात टिकणारी केबल लागते, आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा लागतो, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून गळून जातं, घरात येत नाही.

आता जोडणीचं. ओएनटी स्वतःच राउटरचंही काम करत असतो. त्याला मेशचा मुख्य डबा जोडला की एकामागे एक दोन राउटर होतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने नाव लिहून घ्यायचं आणि लिफ्टपाशी दुसऱ्याने पुन्हा वही पुढे करायची, तसं. रोजचं काम चालतं, पण कॅमेरे, गेम, ऑफिसचं व्हीपीएन अधूनमधून अडतं. यातून दोन वाटा आहेत. एक, ओएनटीला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. मग तो फक्त प्रकाशाची वीज करतो आणि लॉगिनपासून सगळा कारभार मेश बघते. त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचं, म्हणजे त्यांच्या जाळ्यात शिरायच्या लॉगिनचं, नाव-पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे त्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा, क्रमांक घ्यावा लागतो, सगळे देतात असं नाही. दुसरी वाट म्हणजे मेशलाच ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवायचं. कारभार ओएनटीकडेच राहतो, मेश फक्त हवेतलं काम करते. घरी फायबरवरचा लँडलाइन फोन असेल, किंवा सेटिंगमध्ये फार शिरायचं नसेल, तर ही दुसरी वाट धरा. तोटा एवढाच की काही मेशमधली मुलांसाठीची वेळमर्यादा वगैरे सोयी या मोडमध्ये बंद होतात.

दोन्ही वाटांत एक काम सारखंच आणि हमखास विसरलं जाणारं: ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा. नाहीतर फोन त्या जुन्या नावाला चिकटून राहतात आणि आपण मेशला बोल लावतो. ब्रिजवर गेल्यावर इंटरनेट सुरूच झालं नाही, तर कंपनीने तुमच्या जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बांधून ठेवलेला असू शकतो. एक फोन करून तो मोकळा करून घ्यायचा.

फोन कधी कुठल्या डब्याकडे जाईल हा निर्णय शेवटी फोनचा असतो, डबा फक्त सुचवतो. वायफायमधल्या ८०२.११ के आणि व्ही या सोयी त्याच सुचवण्यासाठी आहेत, आणि आर ही सोय डबा बदलताना जाणारा वेळ कमी करते. आयफोन साधारण उणे ७० डीबीएम होईपर्यंत दुसरा डबा शोधायलाच लागत नाही. म्हणून जास्त डबे ठेवले की जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे. पाच-सहाशे फुटांच्या घरात तीन डबे ठेवले तर सगळीकडे तिन्ही जोरात ऐकू येतात, फोन हॉलमधल्याला धरून बेडरूमपर्यंत जातो आणि सोडायला तयार होत नाही. आमच्यासारख्या दोन बेडरूमच्या घराला दोन पुरतात. तरीही चिकटत असेल तर सेटिंगमधून पहिल्या डब्याची ताकद 'मध्यम' करा. ताकद कमी करून वायफाय सुधारतं हे ऐकायला उलटं वाटतं, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या घरी एवढ्या एका बदलाने काम झालं.

चॅनेलचं फार खोलात जात नाही. २.४ ला १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ ला ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावी लागते आणि त्यातल्याच नव्या जागी किमान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. घरचं वायफाय कारण नसताना मधूनच मिनिटभर गायब होत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांत आणून बघा. स्मार्ट बल्ब, गीझरचा प्लग, दाराची बेल अशा वस्तूंना बहुधा २.४ च समजतं. त्यांच्यासाठी मेशमधून २.४ चं वेगळं नाव काढून द्या, पासवर्डही वेगळा ठेवा.

आणि वीज. लिफ्टला जनरेटर असतो, घरात नसतो. पावसाळ्यात दहा मिनिटं लाइट गेली तरी मुख्य डबा बंद, मेश बंद, मग सगळं पुन्हा जागं व्हायला पाच मिनिटं. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस दीड-दोन तास सहज काढतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा, व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, ॲम्पियर लागतात तितके किंवा जास्त. ओएनटी आणि मेशचा मुख्य डबा दोन्ही त्यावर घ्या. एकच घेतला तर साखळी मध्येच तुटते.

आमच्या चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, पीपीपीओईचं नाव, व्हीलॅन, मेशच्या ॲपचा ईमेल, दिवा हिरवा असतानाची आरएक्स पॉवर, आणि कुठली वायर कुठल्या खोलीत जाते त्याचं पेन्सिलने काढलेलं चित्र. मागच्या ऑगस्टमध्ये मी गावाला असताना इंटरनेट गेलं, तेव्हा सासूबाईंनी तो कागद हातात धरून फोनवरच्या माणसाला सांगितलं, "एलओएस लाल आहे, रोज उणे वीस असतं, राउटर बंद-चालू करून झालाय." माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आला आणि सरळ डक्टकडे गेला.